पश्चिमेस पोरांच्या खोल्या

खरेदीखतात मिळकतीची चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस अमक्यांची मिळकत, दक्षिणेस वहिवाटीचा रस्ता, पश्चिमेस तमक्यांची मिळकत, उत्तरेस ओढा. नारायणगावात वकिली सुरू केल्यापासून हे मी किती दस्तांत लिहिलं असेल याचा हिशेब नाही. शेजारची जागा कोणाच्या नावावर आहे ते या चार ओळींत येतं, तिथं राहतं कोण ते येत नाही. आणि वारूळवाडीत घर घ्यायला निघालेल्या माणसाला नेमकं तेच आधी विचारायचं असतं. सातबारा, फेरफार, बोजा, सगळं माझ्या टेबलावर टाकून तो हळूच खुर्ची पुढे सरकवतो. "मॅडम, कागद तुम्ही बघालच. पण पलीकडं पोरांच्या खोल्या आहेत. घ्यावं का?"

वारूळवाडी आणि नारायणगाव या दोन वेगळ्या ग्रामपंचायती, पण नवख्या माणसाला एक गाव कुठं संपतं आणि दुसरं कुठं लागतं ते समजत नाही. पुण्याहून पाऊणशे किलोमीटर, पुणे-नाशिक रस्ता, शेजारून मीना नदी, वर वडजचं धरण. टोमॅटोचं मार्केट आणि तमाशाच्या राहुट्या यांच्यामुळं नारायणगावचं नाव राज्यभर माहीत. कारखाने मात्र नाहीत. खोडदला जीएमआरटीची दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. तिला रेडिओलहरींचा गोंगाट चालत नाही, म्हणून भोवतालच्या पट्ट्यात मोठ्या उद्योगांवर बंधनं आली. आकाशातल्या आवाजासाठी इतकी शांतता राखलेल्या गावात माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार बुलेटच्या सायलेन्सरची असते, हा भाग वेगळा.

कारखाने नाहीत, तेव्हा उरली शेती, बाजार आणि शाळा-कॉलेजं. नारायणगावात ग्रामोन्नती मंडळाचं महाविद्यालय, कुरणला इंजिनिअरिंग, ओतूरजवळ डुंबरवाडीला इंजिनिअरिंग, बेल्ह्याकडं आणि आळ्याला फार्मसी. पलीकडं आंबेगावात अवसरीला २००९ पासून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, त्यामुळं मंचरच्या बाजूलाही हेच चित्र. त्यात भर भरतीच्या अकॅडम्यांची. पोलीस भरतीला सोळाशे मीटर पळायचं असतं, म्हणून ही पोरं पहाटे साडेचारला उठतात आणि अख्ख्या आळीला उठवतात. वसतिगृहं अपुरी, संध्याकाळनंतर आडवळणाच्या गावाला एसटी नाही. मग आपटाळे, इंगळूणकडची, अकोल्याची, पारनेरची पोरं खोल्या घेऊन राहतात.

खोल्या बांधणारा शेतकरीच. टोमॅटोचा भाव आज चढा आणि उद्या रस्त्यावर ओतायची पाळी, खोलीचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला येतं. २०२३च्या पावसाळ्यात टोमॅटो कधी नव्हे एवढा महाग झाला, तेव्हा ज्यांचा माल बाजारात होता त्यांच्यापैकी काहींनी दुसऱ्या वर्षी घरावर मजला चढवला. कोणी घराच्या मागं पत्र्याच्या चार खोल्या काढल्या. एका खोलीत तीन-चार जण, कॉट प्रत्येकाची वेगळी, संडास-बाथरूम सामाईक, लाइटचं मीटर एकच. मेसचा डबा दारात. आणि या खोल्यांच्या कुंपणाला लागून कोणाचं तरी घर विकायला निघालेलं.

असं घर बहुधा मे महिन्यात दाखवलं जातं. नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत. हे मी फार उशिरा नाही, पण दोन-चार व्यवहार बघितल्यावर ओळखलं. परीक्षा संपल्या की खोल्या रिकाम्या, दोरीवर एक बनियन नाही, आंब्याखाली गार सावली. घेणारा म्हणतो, वा, काय शांत आहे. विसार देऊन मोकळा होतो. जुलैत राहायला येतो तेव्हा कुंपणाच्या पलीकडं वीस जण दात घासत उभे असतात. विकणारा खोटं बोललेला नसतो. त्याला कोणी विचारलेलंच नसतं.

म्हणून मी पहिली गोष्ट सांगते ती कागदाची नाहीच. विसार द्यायच्या आधी रात्री दहानंतर त्या घरासमोर अर्धा तास उभे राहा. मग एकदा पहाटे पाचला या. नळाला पाणी येतं त्या वेळेला या. दलालाला बरोबर आणू नका.

लोक येतात, उभे राहतात, आणि मग माझ्याकडं यादी घेऊन येतात. रात्री बारा वाजता रस्त्यावर केक कापला. गाडी फाटकासमोर लावली. गच्चीवर मोबाइलवर जोरात गाणी. गुटख्याच्या पुड्या कुंपणात. या यादीतलं खोटं काही नसतं. दहा ते सहा ही वेळ कायद्यानं रात्रीची, ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, राहत्या वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, हे मी त्यांना सांगू शकते आणि सांगतेही. पण वाढदिवसाच्या केकसाठी पोलीस ठाण्यात गेलेला माणूस दुसऱ्या वाढदिवसाला पुन्हा जात नाही, हेही मला माहीत आहे.

या यादीत एक प्रश्न हमखास असतो, आणि तो मला कधीच आवडलेला नाही. "पोरं कुठली आहेत?" म्हणजे गाव विचारलेलं नसतं. पश्चिमेकडच्या डोंगरातली आहेत का, आडनावं काय, असं विचारायचं असतं. खोली देणारा मालकही हेच विचारतो, शेजारी घर घेणारा वेगळ्या शब्दांत तेच विचारतो. मी उत्तर देत नाही. एकदा फारच खोदून विचारल्यावर एका गृहस्थांना म्हटलं, "काका, चतुःसीमेत मालकाचं नाव लिहितात, भाडेकरूची जात लिहायला रकाना नाही." ते रागावले. व्यवहार मात्र माझ्याकडूनच केला.

मुलींच्या खोल्या शेजारी असल्या की तक्रार उलटी होते. आवाज नाही, गाड्या नाहीत, तरी आळीतल्या बायकांचे डोळे त्या दारावर. कोण आलं, कोणाच्या गाडीवर बसली. एका कॉलेजच्या मुलीनं मला सांगितलं होतं की घरमालकिणीपेक्षा तिला समोरच्या ओट्यावरच्या काकूंचा जास्त धाक वाटतो. त्या काकूंनी वर्षापूर्वी घर घेताना मला हेच विचारलं होतं की शेजारचा त्रास तर नाही ना होणार!

पण ज्या व्यवहारानं माझं या विषयातलं मत पक्कं झालं तो निराळाच होता.

मुंबईला डबे पोचवण्यात उमेदीची वर्षं गेलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको गावाकडं परत आले. मी त्यांना मामा-मामीच म्हणते. त्यांचं मूळ गाव डोंगराच्या बाजूला, पण दवाखाना, बाजार, एसटी स्टँड जवळ हवं म्हणून वारूळवाडीत घर शोधत होते. मिळालं ते तीन खोल्यांचं, पुढं पडवी, मागं बोअर. पश्चिमेला दोन मजली इमारत, आठ खोल्या, सगळ्या कॉलेजच्या पोरांना दिलेल्या. भाव थोडा कमी होता तो त्याच्यामुळंच. मामा पोरांची धास्ती घेऊन आले होते. मामींना धास्ती नव्हती. "आम्ही चाळीत राहिलोय, आम्हाला काय आवाजाचं," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी सातबारा काढला आणि माझी धास्ती वेगळीच निघाली. ती जागा शेतीचीच होती, बिगरशेती झालेली नव्हती. तुकडेबंदीचा कायदा १९४७चा. ठरावीक क्षेत्राखालचा शेतीचा तुकडा वेगळा विकता येत नव्हता, म्हणून या भागात दहा-अकरा गुंठे चौघा-पाच जणांनी मिळून घ्यायचे, सातबारावर सगळ्यांची नावं एकत्र लावायची, आणि आतल्या आत दोरी धरून आपापले दोन-तीन गुंठे वाटून घर बांधायचं, अशी रीत पडून गेली होती. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला घराची नोंद होते, घरपट्टी सुरू होते, आणि माणसाला वाटतं आपण मालक झालो. नमुना आठ हा कराचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही, हे वाक्य मी ऑफिसच्या भिंतीवर लावायला हवं. बँकाही अशा घरावर कर्ज देताना हात आखडतात. मामा गाठीच्या पैशातून घेणार होते, म्हणून त्यांना ही अडचण दिसली नव्हती.

आता त्या सातबारावर पश्चिमेच्या इमारतीचा मालकही होता. म्हणजे मामांचा तो नुसता शेजारी नव्हता, सहहिस्सेदार होता. मामांच्या घराखालची जमीन कायद्याच्या नजरेत अजून वाटून झालेलीच नव्हती. तो राहायचा चाकणकडं. भाडं गोळा करायला महिन्यातून एकदा यायचा, तेही पुढं पुढं फोनवर पैसे यायला लागल्यावर बंद झालं.

हे मी मामांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पण पोरं रात्री दंगा करतात का?"

मी अडून बसले की बाकीच्या सहहिस्सेदारांच्या सह्या संमती देणार म्हणून दस्तावर घ्यायच्या, आणि कोणाचा ताबा कुठं आहे याचा कच्चा नकाशा मोजमापासह दस्ताला जोडायचा. विकणारा कुरकुरला. चाकणचा मालक सहीला आला, घाईत होता, नकाशाकडं त्यानं बघितलंही नाही. घेणार म्हणून दस्तात मामींचं नाव पहिलं घातलं.

पहिलं वर्ष कुरबुरीत गेलं. मामा दर पंधरवड्याला माझ्याकडं. आज पोरांनी हे केलं, काल ते केलं. एकदा भरतीच्या पोरांनी पहाटे गोळाफेकीचा सराव मागच्या मोकळ्या जागेत सुरू केला आणि मामांच्या बोअरच्या केसिंगला गोळा लागता लागता राहिला, तेव्हा तर ते थेट नोटीस काढा म्हणाले. कोणाला काढू? पोरांशी त्यांचा करार नाही. मालकाचा तरी पोरांशी लेखी करार होता का? नव्हता.

इथं कायदा थोडा सांगते, कारण खोल्या देणाऱ्या दहातल्या फार थोड्यांना तो माहीत असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदलेला हवा, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंद नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणखी एक, वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. आता ही नोंदणी ऑनलाइन होते, कचेरीत खेटे घालावे लागत नाहीत. तरीही वहीतल्या पानावर पोरांची नावं आणि आधारकार्डाची झेरॉक्स, एवढ्यावर कारभार चालतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहिती द्यायची तीही देत नाहीत. शेजाऱ्याचा यात काय संबंध, असं वाटेल. संबंध असा की ज्या मालकाकडं पोरांची नावंही धड लिहिलेली नाहीत तो तुमच्या तक्रारीवर कोणाला काय बोलणार?

दुसऱ्या पावसाळ्यात मामांच्या बोअरच्या पाण्याला वास यायला लागला. मामांनी ठरवून टाकलं की पोरांनी काहीतरी टाकलं. मामी मात्र कुंपणापाशी जाऊन पोरांशी बोलल्या. तेव्हा कळलं की पोरं स्वतःच सहा महिने जारचं पाणी विकत घेत होती. आठ खोल्यांची सेप्टिक टाकी मूळ चार खोल्यांच्या मापाची होती, वरचा मजला चढवला तरी टाकी तेवढीच. शोषखड्डा मामांच्या कुंपणाला लागून, बोअरपासून काही पावलांवर. टाकी भरून वाहत होती, पोरांनी मालकाला फोन करून करून सोडून दिलं होतं. एकाचं डिपॉझिटही अडकलं होतं, म्हणून फार बोलायचीही भीती. त्यांच्याकडं टाकीचे फोटो होते, तारखांसकट.

ते फोटो घेऊन मामी आणि इंजिनिअरिंगची दोन पोरं एकत्र माझ्या ऑफिसात आली. मामा मागून आले, जरा ओशाळलेले. ग्रामपंचायतीत अर्ज दिला, खाली मामींची सही, त्याखाली पोरांच्या सह्या. ग्रामसेवकांनी पाहणी केली, मालकाला नोटीस गेली. मालक हलला नाही. नोटिशीला उत्तर न देण्याची कला आपल्याकडं पिढीजात आहे.

पण पुढं त्याला गरज पडली. त्याला इमारत विकायची होती, आणि घेणारा माझ्यासारख्याच एखाद्या चिकट वकिलाकडं गेला असावा, कारण त्यानं आधी जमिनीचं वाटप करून पोटहिस्सा वेगळा मागितला. महसूल अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणं तहसीलदारांकडून सहज वाटप हवं तर सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. त्यात मामींची सही आली. मालक गोड बोलत आला, पेढे घेऊन. मामींनी पेढे घेतले आणि सांगितलं, "सही देते की. आधी टाकी हलवा." मी शेजारी बसून फक्त लिहून घेतलं. नवी मोठी टाकी झाली, शोषखड्डा पुढच्या बाजूला रस्त्याकडं गेला, जुना मुरूम टाकून बुजवला. दस्ताला जोडलेला तो कच्चा नकाशा त्या दिवशी कामाला आला, कारण जुना खड्डा कुंपणाच्या रेषेवर फुटभर मामींच्या बाजूला होता.

पोरांनी दंगा केला नव्हता असं नाही. केला होता, अजूनही करतात. पण पाणी पोरांनी नासवलं नव्हतं. पोरं तेच पाणी भोगत होती.

त्यानंतर २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजना आली. नारीशक्ती दूत ॲपवर अर्ज भरायचे, ॲप अडकायचं, महा-ई-सेवा केंद्रावर रांगा. पश्चिमेच्या खोल्यांतल्या दोन पोरांनी मामींचा अर्ज भरला आणि मग आळीतल्या जवळजवळ सगळ्या बायकांचे भरले, रात्री उशिरापर्यंत जागून, कारण तेव्हाच सर्व्हर चालायचा. ज्या बायका दोन महिने आधी केकवरून भांडत होत्या त्यांनीच त्या पोरांना वर्षभर सणासुदीला ताटं पाठवली. बिबट्याचा वावर वाढला की संध्याकाळनंतर आळीतली माणसं दार लावून बसतात. तेव्हा ज्या घरात रात्री एकपर्यंत दिवा असतो ते घर शेजारी असलेलं बरं, असं मामा आता सांगतात. हे मी पोरांची बाजू घ्यायला म्हणून लिहीत नाही. चार वर्षांत पोरं बदलतात, दुसरी येतात, ती कशी निघतील कोण सांगणार? आजच्या भल्या पोरांच्या भरवशावर घर घेणं आणि आजच्या दांडगट पोरांच्या भीतीनं घर सोडणं, दोन्ही सारखंच चुकीचं.

टिकतो तो मालक. त्याच इमारतीपासून जवळ दुसरी इमारत आहे, तिथं मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहतात. रात्री दहाला त्या फाटकाला कुलूप लावतात, गाड्या आत घ्यायला लावतात, टाकी दर उन्हाळ्यात उपसतात. पोरं त्यांना काकू म्हणतात आणि टरकून असतात. खोल्या त्यांच्याही आठ-दहाच, पोरं त्याच कॉलेजांची, आवाज निम्मासुद्धा नाही. त्या इमारतीच्या शेजारचं घर गेल्या वर्षी विकलं गेलं तेव्हा घेणाऱ्यानं भाव पाडायचा प्रयत्न केला, मी त्यालाही सांगितलं की तिथं भाव पाडायला जागा नाही.

आणखी एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेजारी पोरं राहतात म्हणून माझ्याकडं कपाळाला आठ्या घालून आलेल्यांपैकी बरेच जण दोन-तीन वर्षांनी पुन्हा येतात. घरावर मजला चढवलेला असतो. "मॅडम, पोरांना खोल्या द्यायच्या आहेत, करार करून द्या." मी करून देते, नोंदवून देते, आणि सेप्टिक टाकी किती लिटरची आहे ते विचारते. मामांनी अजून मजला चढवलेला नाही. मामी म्हणतात चढवू.

तेव्हा वारूळवाडीत, नारायणगावात, मंचरला, जिथं कॉलेज आहे अशा कुठल्याही गावात घर घेत असाल तर पोरांची संख्या मोजत बसू नका. शेजारच्या इमारतीचा मालक कुठं राहतो ते विचारा, त्याचा फोन नंबर घ्या आणि विसार देण्याआधी एकदा त्याला फोन लावा. त्याची टाकी कुठं आहे, तुमचं पाणी कुठून येतं, हे अंतर स्वतः पावलांनी मोजा. सातबारा एकच आहे का ते बघा, आणि एकच असेल तर त्याची सही दस्तावर घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मालक गावात राहत नसेल, फोन उचलत नसेल आणि सातबारा सामाईक असेल, तर पोरं कितीही गुणी असोत, ते घर घेऊ नका.